न येणाऱ्या माणसाचा कोट

नाटक कंपनीचा कपडेपट मावशींच्या ताब्यात येऊन तीस वर्षं झाली होती. शाळा त्यांनी चौथीतच सोडली, पण नाटकवाल्यांचे शब्द आपल्या परीनं शिकून घेतले. स्वगत म्हणजे एकट्यानं मोठ्यानं बडबडणं. रंगमंचावर केलं तर टाळ्या, घरात केलं तर डॉक्टर. जनांतिक म्हणजे शेजारच्याला ऐकू न जाता हजार लोकांना ऐकू जाणारी कुजबूज; सुनांना ते शिकवावं लागत नाही, असं त्या म्हणत.

नवं नाटक त्या वाचत नसत. तालमीला बसून कानांनी ऐकायचं, बोटांवर माणसं मोजायची आणि तेवढे पोशाख शिवायचे. या वेळी सात मोजली, सात शिवले. दिग्दर्शक पोट धरून हसला. सातवा, म्हणजे नायिकेचा दूर गेलेला नवरा, नाटकात येतच नव्हता. सगळे त्याच्याबद्दल बोलतात, पण त्याचा प्रवेश कधी होत नाही. शेवटी दारावर थाप पडते, बायको कडीला हात घालते आणि पडदा. अशाला न दिसणारं पात्र म्हणतात, असं दिग्दर्शकानं समजावलं आणि कोट उसवून कापड वाचवायला सांगितलं.

"माझ्या हातचं उसवायला मी अजून मेले नाही," मावशी म्हणाल्या आणि तो राखाडी कोट शेवटच्या खुंटीला लावला. नायिकेचं काम त्यांचीच लेक करत होती. तिच्यादेखत हसं झालं, हे त्यांना जास्त झोंबलं.

तिसऱ्या प्रयोगानंतर कपडे गोळा करताना कोटाची कॉलर घामानं ओली लागली. कुणीतरी घालून मिरवलं असेल म्हणून त्यांनी सगळ्या नटांची हजेरी घेतली आणि कोट कपाटात कोंडला. किल्ली कमरेला. पुढच्या प्रयोगाला कपाट उघडलं तर काखेतली शिवण फाटलेली. "अंगानं भरलाय मेला," असं म्हणत त्यांनी दुहेरी टाका घातला. टाका घालून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि सुई बोटाला टोचली.

सहाव्या प्रयोगानंतर लेक तोंड न धुताच कपडेपटात आली. विंगेतून फळीवर थाप मारणारा कामगार दोन दिवस तापानं घरी होता. त्याच्या जागी कुणाला ठेवलंय, असं तिनं दिग्दर्शकाला विचारलं, तर तो म्हणाला, तूच कुणाला सांगितलं असशील. आणि आता कडी तिनं हात लावायच्या आधीच हलत होती.

"पडदा जरा उशिरा पडला ना आई, तर दार उघडेल."

मावशींनी कमरेची किल्ली चाचपली. कपडेपटाचा कायदा एकच: पोशाख नाही तर प्रवेश नाही. या माणसाला पोशाख कुणी दिला होता?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला, तिसरा अंक सुरू होताच, त्या विंगेत स्टुलावर बसल्या. मांडीवर कोट, हातात ब्लेड. अस्तर ऊन लागत होतं, आत्ताच अंगातून काढल्यासारखं. पहिली बाही सुटली. दुसरी हातातून ओढली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी ती गुडघ्याखाली दाबून धरली आणि स्वतःच्याच बारीक टाक्यांना शिव्या घालत उसवत राहिल्या. बाहेर लेक दाराकडे निघाली. कॉलरचा शेवटचा दोरा तुटला आणि थाप पडली. एकच. मग पडदा.

लेक विंगेत आली. रंगाखाली तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आज त्यानं दार ढकललं नाही. नुसता बोलला. थंडी वाजतेय म्हणाला."

"तुला म्हणाला?"

"मला नाही, आई. तू कुठं बसतेस, ते विचारत होता."

मावशींनी तुकड्यांची घडी केली. तुला बोलवत नाही ना, मग झालं, असं म्हणून त्यांनी लेकीला तोंड धुवायला पिटाळलं. मग स्टूल उचललं आणि रंगमंचावरच्या त्या दारापाशी नेऊन ठेवलं. दार म्हणजे चौकटीला ठोकलेलं कापड. मागे वीतभर अंधार आणि नाट्यगृहाची विटांची भिंत. आता यायचं तर आधी माझ्यापाशी, असं म्हणत दाराला पाठ लावून त्या बसल्या.

पाठीमागचं कापड श्वास घेतल्यासारखं हलकेच आत ओढलं गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत ओढलं गेलं. मावशी बसूनच राहिल्या.