लाखेचे दोन हात

नऊ वर्षं रंगाऱ्यांमध्ये तिला पिवळी म्हणत होते, आणि हे नाव ज्या माणसामुळे पडलं त्याच्याच खोलीत ती आता रंगाचे डबे घेऊन उभी होती. दार उघडणाऱ्या सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. रंगाच्या दुकानदाराने नंबर दिला, हिने फोन लावला, झालं. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, दिवसभर खोलीत बसून असतात, म्हणून खोली जरा छान करायची होती. कमरेइतक्या उंचीपर्यंत उभ्या खाचांच्या पाइनच्या फळ्या सुताराने ठोकून दिल्या होत्या, त्या पांढऱ्या रंगवायच्या होत्या. एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं.

खुर्चीत बसलेल्या सासऱ्याने, म्हणजे मिस्त्रीने, मान वर केली आणि पिवळीला ओळखलं. ओळखणार नाही तर काय, सहा वर्षं त्याच्या हाताखाली राबली होती ती. ब्रश कसा धरायचा इथपासून सगळं त्यानेच शिकवलं होतं. पण ओळख दाखवायची तर पुढचंही बोलावं लागलं असतं, म्हणून तो नुसताच खाकरला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

आणि सून बोलायची काही थांबेना. म्हणाली, ताई, जरा जपून करा, मी पोळलेली आहे. तिच्या लग्नाच्या वेळी माहेरी जेवणघराला अश्शाच फळ्या बसवल्या होत्या. व्याह्यांचं घर म्हणून या आमच्या बाबांनी, सासऱ्यांनी, स्वतः काम घेतलं, पण हाताखालच्या कोणा मुलीने वाट लावली. सहा महिन्यांत गाठीगाठीतून पिवळे डाग वर आले. आलागेला विचारायचा, भिंतीला कावीळ झाली का म्हणून. बाबांनी त्या मुलीला कामावरून हाकललं, नाहीतर आईने त्यांना दारात पाय ठेवू दिला नसता. आई जाईपर्यंत तिच्या नावाने बोटं मोडत होती.

पिवळीने हे सगळं हातातल्या सँडपेपरची घडी घालत ऐकून घेतलं. अंगाची आग होत होती तिच्या, पण चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. पाइनच्या गाठीत चीक असतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन हात प्रत्येक गाठीवर मारले की तो आत कोंडला जातो. नाही मारले तर कितीही भारी रंग लावा, चीक त्यातून पिवळा होऊन वर येणारच. लग्नाला चार दिवस उरले होते, पाहुणे यायला लागले होते, आणि तिने लाखेची बाटली उघडली तेव्हा मिस्त्रीनेच ती तिच्या हातातून काढून घेतली होती. ‘कशाला वेळ घालवतेस, कुणाला कळतंय,’ असं म्हणाला होता. डाग आले तेव्हा खापर तिच्यावर फुटलं, तेही तिच्या माघारी. जाब विचारायला गेली तर म्हणाला, तू तरुण आहेस, तुला दुसरं काम मिळेल, मला व्याह्यांपुढे मान खाली घालता येणार नाही. त्यानंतर घराच्या आतलं काम तिला कोणी देईना. गेट रंगव, जिन्याचे कठडे रंगव, पाण्याच्या टाक्या रंगव. नऊ वर्षं उन्हात गेली तिची. डूख धरला म्हणायचं तर हो, धरला होता, आणि चांगला जपून ठेवला होता.

पहिला दिवस घासण्या-पुसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सून मिस्त्रीच्या गोळ्या घेऊन आली, ती वेळ पिवळीने साधली.

“मिस्त्री, गाठींना लाख लावू की नको?”

सुनेला काही वेगळं वाटलं नाही. मिस्त्री मात्र गोळी हातात धरून बसला. लाव म्हणावं तर सून विचारणार, मग आमच्याकडे का नाही लावली. नको म्हणावं तर ही भिंत उरलेलं आयुष्य त्याच्याच डोळ्यांसमोर राहणार होती. असा कात्रीत सापडलेला माणूस बघण्यासाठी पिवळीने अजून नऊ वर्षं काढली असती.

“नको,” तो म्हणाला. “हल्लीचे रंग चांगले असतात.”

“बघा हं. मी विचारलं होतं, सूनबाईंच्या समोर,” असं म्हणून तिने डबा उघडला.

सुरुवात तिने मुद्दाम खुर्चीच्या बरोब्बर समोरच्या फळीपासून केली. आधी बारीक ब्रशने खाचा भरून घेतल्या, मग सपाट भागावर रोलर फिरवला, म्हणजे खाचेत रंग साचत नाही. हात इतका सुरेख चालला होता की कुणीही वाहवा केली असती. आणि त्या सुरेख पांढऱ्याखाली एकेक उघडी गाठ गाडली जात होती. येऊ देत डाग, तिच्या मनात आलं. झोपताना दिसू देत, उठताना दिसू देत, आणि ते कसले आहेत हे या घरात त्याला एकट्यालाच कळू दे. या वेळी तिच्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

मिस्त्री खुर्चीत चुळबुळायला लागला. पहिली फळी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फळीवर रुपयाएवढी काळी गाठ होती, कडेने चिकाचा थेंब चकाकत होता. पिवळीने रोलर रंगात बुडवला आणि अगदी सावकाश त्या गाठीकडे नेला. चाळीस वर्षं लाकूड रंगवलेल्या माणसाला ते बघवेना.

“थांब,” तो म्हणाला. “लाख लाव.”

सून गादीवर चादर घालत होती, ती वळली. आत्ताच तर नको म्हणालात, असं तिने विचारलं. मिस्त्री म्हणाला, लागते. न लावून चालत नाही. पाइनला कधीच चालत नाही.

“मग आमच्याकडे?”

मिस्त्रीने खिडकीकडे मान वळवली. पिवळीने रोलर ताटलीत ठेवला, हात फडक्याला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आता तिला घाई नव्हती.

“सांगा ना मिस्त्री. बाटली कुणी काढून घेतली होती माझ्या हातातून?”

सुनेने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. ही तीच मुलगी, हे तिला कळलं.

“मी,” मिस्त्री म्हणाला. “मीच नको म्हणालो होतो. हिचा काही दोष नव्हता.”

सुनेने चादर बाजूला फेकली. आईने मरेपर्यंत एका निरपराध बाईला शिव्या दिल्या, आणि हा माणूस दर सणाला समोर बसून ऐकत जेवला, हे तिच्या घशाखाली उतरेना. मिस्त्री अजिजीने म्हणाला, झालं गेलं, आता कशाला. पिवळीला वाटलं, सून आता सासऱ्याची बाजू घेणार. घरची माणसं शेवटी घरचीच असतात. पण सुनेने टेबलावरचा फोन उचलला आणि नंबर लावला.

“आईला आता कोण सांगणार? पण माझे वडील आहेत अजून. त्यांना सांगा. जसं मला सांगितलंत तसंच,” असं म्हणून तिने वाजणारा फोन त्याच्या हातात दिला आणि स्पीकर सुरू केला.

मिस्त्रीने पिवळीकडे पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, तीच ती नजर होती, आणि तेव्हा त्याने जी दया दाखवली होती तेवढीच तिने आता दाखवली. ओल्या रंगावर लाख बसत नाही, म्हणून रंगवलेल्या दोन फळ्या तिने आधी फडक्याने पुसून काढायला घेतल्या. पलीकडून व्याही “बोला, बोला” म्हणाले. ती फडकं अगदी हळू फिरवत होती, कारण तिला त्यातला एक शब्दही चुकवायचा नव्हता.