आरशातले बाळकृष्णराव

अप्पांच्या स्टुडिओत बसायच्या जागा दोनच. कॉम्प्युटरपुढची फिरती खुर्ची अप्पांची आणि पासपोर्ट फोटोचं स्टूल माझं. पण त्या शनिवारी पापनाशमला लग्नाच्या शूटिंगला निघताना अप्पा म्हणाले, "दिव्यश्री, बाळकृष्णरावांचा मोठा फोटो तू छाप. नीट झाला तर आजपासून खुर्ची तुझी. नाही झाला तर छपाई परत तिरुच्चीच्या लॅबला."

खुर्ची माझी! अप्पांची स्कूटर वळते न वळते तोच मी तिच्यावर बसून गरगर फिरले.

फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मी सकाळीच अपग्रेड केलं होतं. काय अदबीनं विचारत होतं ते! जुन्या सेटिंग्ज आणू का? हो. त्याच कायम ठेवू का? हो हो, ठेव की! अकरावीतल्या मुलीला एरवी कोण एवढं विचारतं?

उद्या बाळकृष्णरावांची साठीशांत, म्हणजे इथल्या तमिळमधलं अरुबदाम कल्याणम. बायकोशीच पुन्हा लग्न. मंडपाच्या दारात दोघांचा फोटो उभा करायचा होता. सोवळं नेसलेले, उघड्या अंगावर जानवं घातलेले बाळकृष्णराव आणि शेजारी रेशमी साडीतल्या सुप्रभाकाकू. प्रिंट असा झकास आला की मी प्रिंटरचाच मुका घेतला. गुंडाळी करून सायकलीला बांधली आणि थेट त्यांचं घर गाठलं.

फोटो उलगडला. सुप्रभाकाकू म्हणाल्या, "छान आहे गे. पण हे असे का दिसताहेत? ह्यांच्या चुलतभावासारखे?"

"चुलतभाव कसला!" बाळकृष्णराव उडालेच. "साठ वर्षांत पहिल्यांदा माझा फोटो माझ्यासारखा आला! रोज दाढी करताना बघतो तो हाच माणूस. पोरी, तू कलाकार आहेस, कलाकार!"

मी हवेत. तेवढ्यात आतून त्यांची थोरली बहीण, राजमअत्या, हात पुसत आली. फोटो बघितला आणि किंचाळली, "अय्यो! जानवं उजव्या खांद्यावर? हे अपसव्य गे! श्राद्धाला बसलाय का हा? लग्नाच्या दारात श्राद्ध मांडतेस?"

मी बघितलं. जानवं उजवीकडे. काकूंचा पदर उजवीकडे. आख्खा फोटो उलटा!

"प्रिंटरला काय कळतं सव्य-अपसव्य?" मी पुटपुटले.

"तुला तरी कळतं का?" अत्या म्हणाली. "संध्याकाळपर्यंत सरळ करून आण. नाहीतर तुझ्या अप्पालाच फोन लावते."

सायकल अशी हाणली की वाटेतली बकरी पायरीवर चढली. फोटो स्क्रीनवर उघडला, तर जानवं डाव्या खांद्यावर. सरळ! छापला, तर उजव्या. मग मी स्क्रीनवरचाच फोटो उलटा करून ठेवला, म्हणजे कागदावर सरळ येईल. हुशार ना? पण छापायच्या आधी स्क्रीनवरच्या प्रिंटच्या चौकटीत तळाशी एक बारीकशी खूण दिसली: "मिरर". आणि आठवलं! शाळेच्या कबड्डी टीमच्या टी-शर्टांसाठी मीच ती लावली होती. इस्त्रीनं उठवायचं चित्र उलटंच छापावं लागतं. जुनं सॉफ्टवेअर एकदा छापून झालं की ती विसरायचं, पण सेटिंग्जमध्ये ती पडूनच होती. नव्याला मीच सांगितलं होतं ना, कायम ठेव म्हणून!

खूण काढली. छापला. पुन्हा अपसव्य!

आता मात्र मला वेडच लागायचं बाकी होतं. ओढणी जानव्यासारखी डाव्या खांद्यावर घेऊन आरशापुढे उभी राहिले, स्क्रीनकडे पळाले, परत आरशाकडे. आणि मग एकटीच खो खो हसत सुटले. अगं वेडे, स्क्रीनवरचा फोटो तू उलटा करून ठेवलास की! तो सरळ केला, छापला आणि डावा खांदा, डावा खांदा म्हणत स्टुडिओभर नाचले.

राजमअत्यानं नवा फोटो चष्मा वर-खाली करून तपासला. "हा माझा भाऊ," ती म्हणाली.

"हा?" बाळकृष्णरावांचं तोंड उतरलं. "हा तर रेशन कार्डावरचा माणूस. मला आधीचा हवा."

"तो घरात ठेवायचा नाही!"

"माझा चेहरा आहे, अक्का!"

"आणि जानवं कुणाचं आहे?"

साठ वर्षांचा नवरदेव रुसून झोपाळ्यावर जाऊन बसला. काकू हसून हसून लाल. माझी तर ट्यूबच पेटली. "काका, तुम्हाला चेहराच हवाय ना? मग जानव्याचं काय काम?"

परत स्टुडिओ. मानेखालचा भाग कापून टाकला आणि ती मिररची खूण ह्या वेळी मी मुद्दाम, ऐटीत लावली. फोटो हातात पडताच बाळकृष्णरावांनी तो दाढीच्या आरशाशेजारी टांगला आणि दोन्हींकडे बघत भांग पाडला. अत्यानं सगळीकडून बघितला. खांदाच नाही, अपसव्य शोधणार कुठे?

दुसऱ्या दिवशी मंडपाच्या दारात सरळ फोटो दिमाखात उभा होता. आणि अप्पा हातात कॅमेरा घेऊन माझ्याकडेच येत होते. मी पटकन फोटोच्या आड सरकले.

"अपसव्य काय, श्राद्ध काय, सगळं कळलं मला," अप्पा म्हणाले. "आणि त्यांच्या चार मित्रांना तसलाच चेहरा हवाय. आरशातला. काय करून ठेवलंस हे?"

स्टुडिओत आलो. अप्पा पासपोर्टच्या स्टुलावर जाऊन बसले, कॉलर नीट केली.

"बघतेस काय? आधी माझा काढ. आणि ती खूण लावायला विसरू नकोस."

मी खुर्चीवर एक गिरकी घेतली. एकच. कामात होते ना मी.