चौथ्या मजल्याचा खुलासा

माझीच भाची मला बातमी कशी करायची हे शिकवायला आली, तिथून हा सगळा ताप सुरू झाला.

तसा दोष संपादकांचा. माझ्याहून बारा वर्षांनी लहान माणूस, पण खुर्चीत बसला की मोठाच. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बाई, पत्रकारांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. प्रमाणपत्र आणलंत तर नगरपालिका तुमचीच. नाही आणलंत, तर सोमवारपासून डेस्कवर बसून 'आजचे कार्यक्रम' लिहायचे."

आजचे कार्यक्रम! सव्वीस वर्षं नगरपालिकेचे जिने चढले, तुंबलेली गटारं वाकून बघितली, ती काय अमुक हॉलमध्ये सायंकाळी सहा वाजता व्याख्यान आहे हे लिहायला? आणि सव्वीस वर्षांत माझा एकही खुलासा छापून आलेला नाही. खुलासा म्हणजे कालची बातमी चुकली अशी पेपरनं छापून दिलेली कबुली. इतरांचे महिन्याला दोन येतात. माझा शून्य. हे मी रोज कुणाला तरी ऐकवतेच.

याचं कारण माझे पाय. मी जाऊन बघते. चालायचंही वेड आहे मला. घरापासून ऑफिस दहा मिनिटांवर, पण मी पंचवीस मिनिटांचा वळसा घेऊन जाते. तब्येतीसाठी, असं सगळ्यांना सांगते.

प्रशिक्षण एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. वीस खुर्च्या, एक पडदा, आणि पडद्याशेजारी माझी भाची. हिला मी कडेवर घेऊन नाक पुसलंय. आता गळ्यात ओळखपत्र अडकवून ती म्हणाली, "या, बसा. तुम्ही पुढच्या रांगेत."

"अगं, तुम्ही काय तुम्ही!"

"वर्गात तुम्ही, मावशी. घरी तू."

माझ्या शेजारी आमच्याच पेपरचा डेस्कवाला बसला. याला सगळे उशी म्हणतात, कारण तो जाईल तिथे स्वतःची उशी घेऊन जातो. वीस वर्षांत तो ऑफिसबाहेर बातमीला गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. "लाकडी खुर्ची आहे हो," तो कण्हत म्हणाला, "माझी कंबर गेली." मी म्हटलं, "बातमीदाराला कंबर नसते, पाय असतात." आजूबाजूचे चार जण हसले. मला बरं वाटलं.

पहिला दिवस मोबाइलशी झटापट करण्यात गेला. फोटो कुठून आला, कधी काढला, आधी कुठे छापून आला, हे मोबाइलवर शोधायला भाचीनं शिकवलं. मला आधी काही जमेना. बोट इकडे लावावं तर तिकडचंच उघडायचं. पण मी हट्टी. संध्याकाळी घरी जाऊन आमच्या लग्नातल्या फोटोचासुद्धा शोध घेतला. दुसऱ्या दिवशी असं सरसर जमायला लागलं की काय सांगू! पोरगी सायकल शिकल्यावर गल्लीत चकरा मारते ना, तशी माझी गत झाली. जो दिसेल तो फोटो तपासायचा.

त्याच दुपारी भाचीनं एक कागद वाटला. एका इमारतीचा चौथा मजला छत कोसळल्यामुळे गेल्या आठवड्यापासून बंद आहे, असं त्यात होतं. खाली पडलेल्या छताचा फोटो. "खरं की खोटं, शोधा आणि बातमी लिहा. चाळीस मिनिटं."

चाळीस? मी सात मिनिटांत फोटो पकडला. पाच वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच इमारतीचा! टेबलावर थाप मारली. "खोटं!" बातमी लिहून मोकळी झाले: चौथ्या मजल्याची अफवा, छत शाबूत, नागरिकांनी घाबरू नये. सगळ्यांत आधी कागद दिला आणि मान ताठ करून बसले. बाकीच्यांनीही थोड्याफार फरकानं तेच लिहिलं. फक्त उशी जागेवर नव्हता.

तो शेवटच्या मिनिटाला धापा टाकत आला. कागदावर दोनच ओळी. भाचीनं मोठ्यानं वाचल्या: "चौथा मजला बंद आहे. दाराला कुलूप आहे, छताचा पडलेला तुकडा पहारेकरी दाखवतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हातवाली खुर्ची शोधायला वर गेलो होतो," उशी म्हणाला.

मी कागद पुन्हा वाचला. पत्ता! वाचलाच नव्हता मी. आम्ही बसलो होतो तीच इमारत. फोटो खोटा होता, बातमी खरी. डोक्यावर एक मजला, बावीस पायऱ्या, आणि वीस पत्रकारांत उशी सोडून एकही उठला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. आणि मी, पायांच्या गप्पा मारणारी! मला इतकी लाज वाटली की उशीचीच उशी घेऊन तोंड लपवावं असं झालं.

तिसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "काल जे चुकले त्यांनी आज खुलासा लिहायचा. लिहिला तरच प्रमाणपत्र."

"मी नाही लिहिणार."

"का?"

"सव्वीस वर्षांत लिहिला नाही. आणि ही काय खरी बातमी आहे?"

"मग आजचे कार्यक्रम लिहा," ती शांतपणे म्हणाली. कार्टीला संपादकांनी सगळं सांगितलेलं!

बसले लिहायला. 'तांत्रिक कारणामुळे आमच्या बातमीत अनवधानानं काहीशी विसंगती राहून गेली...' भाचीनं 'तांत्रिक' खोडलं. मग 'अनवधानानं' खोडलं. मग 'काहीशी'. मी परत लिहिलं, तिनं परत खोडलं. तिसऱ्या वेळी मी चिडून लिहिलं: 'चौथा मजला बंद नाही असं आम्ही लिहिलं. ते चूक आहे. तो बंद आहे. मी वर जाऊन पाहिलं नाही.'

तिनं वाचलं, सही केली. मग हळूच म्हणाली, "मावशी, छान लिहिलंस." वर्गात असून तू म्हणाली.

आता खरं सांगते. 'जाऊन पाहिलं नाही' हे वाक्य मला फार आधीच लिहायला हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी मापात पाप करणाऱ्या दुकानावर छापा पडला. मी ती बातमी फोनवरून घेतली. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, असं कळलं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं नाव छापलं. त्या रस्त्याला कोपरे दोन, दुकानंही दोन. मी दुसऱ्याचंच छापलं. तो बिचारा आपला काटा घेऊन तीनदा ऑफिसात आला. तिन्ही वेळा मी "बघू" म्हटलं. चौथ्यांदा तो आला नाही. त्याचं दुकान माझ्या दहा मिनिटांच्या रस्त्यावर आहे. कसली तब्येत आणि कसलं काय!

मी तिथेच दुसरा कागद घेतला.

प्रमाणपत्राबरोबर तोही संपादकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "अकरा वर्षांपूर्वीचं? कोण वाचणार हे?"

"एक जण वाचेल."

"मग आधी त्यालाच विचारून या, मजकूर बरोबर आहे का. प्रशिक्षण झालंय ना आता?"

सरळ रस्त्यानं गेले. सहा मिनिटांत पोचले. दुकानदार काउंटरमागे होता, केस सगळे पांढरे. त्यानं मला ओळखलं. मी कागद पुढे केला. त्यानं चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला: 'छापा या दुकानावर पडला नव्हता. यांचा काटा बरोबर होता. आम्ही जाऊन पाहिलं नाही. हे तीनदा सांगायला आले, आम्ही ऐकलं नाही.'

मग गल्ल्याखालून त्यानं पिवळं पडलेलं कात्रण काढलं, माझीच बातमी. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ओळीवर ओळ ताडून पाहिली.

"चूक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तीनदा नाही, चारदा आलो होतो. चौथ्यांदा तुम्ही मागच्या दारानं गेलात."

मी पेन काढलं. त्याच्याच काउंटरवर वाकून 'तीनदा' खोडलं आणि 'चारदा' लिहिलं.