तळव्याची कातडी

आमच्या मनालीच्या पायांचं कौतुक विक्रांत सरांनीच सुरू केलं होतं, हे आधी सांगून ठेवते. बेलवलीच्या मैदानावर कबड्डीच्या सगळ्या मुलींना रांगेत बसवून, पाय पुढे करायला लावून ते म्हणाले होते, "हे बघा तळवे! याला म्हणतात खेळाडूचा पाय. बाकीच्यांचे काय, लोण्याचे आहेत का?"

मनाली तेव्हा अकराची. त्या दिवसापासून तिने चपला सोडल्या. सरांच्याच सांगण्यावरून पहाटे नदीकडच्या खडीच्या रस्त्यावर अनवाणी पळायला लागली. तळवे इतके टणक झाले की फरशीवरून चालली की खरखर ऐकू यायची. मी खोबरेल घेऊन बसले की पाय ओढून घ्यायची. "आई, मऊ नको ना करूस!"

ती तेरा वर्षांची झाली, २००७ साल होतं, आणि सरांच्या कबड्डी मंडळात काटा आला.

अध्यक्ष शंकररावांनी तो उल्हासनगरहून आणला होता. काचेचा, पायांखाली चार धातूच्या पट्ट्या. अनवाणी उभं राहिलं की आधी वजन दाखवायचा, मग पट्ट्यांमधून अंगात न कळेल इतका करंट सोडून शरीरात चरबी किती टक्के तेही सांगायचा. त्याच्यासमोर नारळ फुटला, हार घातला, फोटोग्राफर बोलावला. कोणीतरी शंकररावांनाच म्हणालं, "अध्यक्ष, पहिला मान तुमचा." त्यांनी पोटावरचा सदरा सारखा केला आणि म्हणाले, "छे छे, हा खेळाडूंसाठी आहे."

मग सरांनी नियम सांगितला. किशोरी गटाच्या जिल्हा निवडीला मंडळाचा संघ जाणार. बावीसच्या वर फॅट असेल तिला जागा नाही. "निवडीला जायचंय, लग्नाला नाही."

मुली एकेक करून चढल्या. सर आकडा मोठ्याने वाचत होते, भाजीवाला भाव ओरडतो तसा. शलाका, जिला तिचे वडील गाडीतून सोडतात आणि जी वॉर्म-अपसुद्धा बूट घालून करते, तिचं आलं वीस. मनालीचं एकोणतीस.

"एकोणतीस?" सरांनी पुन्हा बघितलं. "मनाली, घरी काय तुपाचा डबा उघडा असतो काय?"

सगळ्या हसल्या. मनालीही हसली. तिच्या खांद्याची हाडं टी-शर्टमधून वर आली होती, ती मला कुंपणापासून दिसत होती.

त्या दिवसापासून भात बंद. मग पोळीला तेल लावायचं नाही. मग एकच पोळी, आणि तीही माझी नजर असेपर्यंत. नजर हटली की परत डब्यात. मी बघत असते. राजेंद्र, माझा नवरा, म्हणतो की बघण्याशिवाय मला दुसरं काही येतच नाही. तो अंबरनाथला फॅक्टरीत जातो, संध्याकाळी येतो, त्याला ती फक्त झोपलेली किंवा अभ्यास करताना दिसते. मला दिसत होतं की कंगव्यात केसांचा पुंजका येतोय, जिना चढताना ती मध्येच कठडा धरतेय, आणि नुकतीच सुरू झालेली पाळी आलेली नाही.

"अगं, खेळणाऱ्या पोरींचं होतं असं," शेजारच्या अंजनी म्हणाल्या. त्यांची विठाही त्याच मंडळात. "आमच्या विठाचं सव्वीस होतं, मी डबाच बंद केला. आता बावीस. तू पण जरा हात आवर, यशोधरा. आईचंच प्रेम पोरींना नडतं."

मी घरी येऊन स्कॅनची चौकशी केली. खरी चरबी स्कॅनमध्ये कळते, असं पेपरात वाचलं होतं. उल्हासनगरच्या एका सेंटरला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे हाडांचं होतं. म्हाताऱ्या बायकांचं. पेशंटचं वय काय?" मी तेरा म्हटलं. "तेराव्या वर्षी कशाला? काय झालंय तिला?" मी फोन ठेवला. काय झालंय ते एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

मग उल्हासनगरच्या कॅम्प पाचला जाऊन तसाच काटा विकत घेतला. मनालीला सोबत नेलं होतं. दुकानदार सिंधी, वयस्कर. काटा चालू करून दाखवता दाखवता त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "भाभी, ये तो सूखी लकडी है. इसको फॅट का मशीन किसलिए? इसको लस्सी पिलाओ." मनालीने मान वळवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या अंकलना कबड्डीतलं काय कळतंय?"

संध्याकाळी राजेंद्र ड्युटीवरून आला. बूट काढले, ओलसर मोजे काढले आणि काटा बघून पोरासारखा चढला. पट्ट्याच्या वर पोट. आकडा आला तेवीस.

"बघा! पप्पा फिट!" तो म्हणाला.

मग मनाली चढली. एकोणतीस.

"म्हणजे मी पप्पांपेक्षा जाडी?"

"अगं, पुरुषांचं मुळातच कमी येतं," मी म्हटलं. पण तिने ऐकलं नाही. ताटातली पोळी उचलून डब्यात ठेवली. राजेंद्रचं हसू जागीच वाळलं. मी मात्र खाली बघत होते. चार पाय शेजारी शेजारी. त्याचे दिवसभर बुटात उबलेले, पांढरे, सुरकुतलेले, ओले. तिचे पिवळट, भेगाळलेले, जुन्या टायरच्या तुकड्यासारखे.

बी.एस्सी.ला माझं फिजिक्स होतं. लग्नानंतर ते कुठे उपयोगी पडलं असेल तर फ्यूज बदलताना. पण एवढं आठवलं: पाण्यातून करंट सहज जातो, चरबीतून अडखळत. काट्याला फक्त अडखळणं कळतं. कशामुळे अडखळला, ते त्याला कोण सांगणार? कोरडी जाड कातडीही करंट अडवतेच. माझ्या पोरीची दोन वर्षांची मेहनत त्या मशीनला चरबी वाटत होती.

परातीत कोमट पाणी घेतलं. तिला पाय बुडवून बसवलं, टिपले, आणि पुन्हा काट्यावर उभं केलं. पंचवीस.

"आता सांग, एवढ्या वेळात चार टक्के चरबी कुठे गेली? परातीत?" मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन. "मनू, तू जाड नाहीस. तुझे तळवे जाड आहेत. मशीन चुकतंय!"

ती पाय उलटा करून बघत बसली. बोटाने टाच दाबली.

"म्हणजे कातडी पातळ असती तर अजून कमी आलं असतं?"

"हो," मी म्हटलं. शिकलेल्या बाईने द्यावं तसं बरोबर उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन सरांना गाठलं. सगळं समजावून सांगितलं, परातीसकट. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत ऐकत होते.

"ताई, जपानी टेक्नॉलॉजी आहे ती."

"चायनाचा आहे सर. पाठीमागे लिहिलंय."

"असेल. काटा सगळ्यांना एकच आहे ना? उद्या दुसरी आई येऊन म्हणेल, माझ्या पोरीची हाडं जड आहेत. तिसरी म्हणेल, पोरगी सकाळी संडासला गेली नव्हती. मी काय करायचं?"

"पण अनवाणी तुम्हीच पळवलंत तिला. तळव्यांचं कौतुक तुम्हीच केलंत."

"मग? आजही करतो. मैदानावर तिच्यासारखी चढाई करणारी पोरगी नाही माझ्याकडे." त्यांनी आवाज खाली आणला. "अध्यक्षांनी आणलाय काटा. आकडे त्यांना दाखवावे लागतात. रविवारी शेवटचं मोजमाप आहे, मग लगेच चाचणीचा सामना. मला बावीस आणून द्या. पाणी पाजा, पाय भिजवा, काय करायचं ते करा. मी बघायला येत नाही."

म्हणजे त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं, आणि तरी शिट्टी वाजवून ते पलीकडे गेले.

शनिवारी मी मनालीला सांगितलं, "उद्या निघायच्या आधी पाय भिजवू. बास." ती बरं म्हणाली. जास्तच शांतपणे म्हणाली. एवढी बघणारी बाई मी, पण ते मला दिसलं नाही.

रविवारी सकाळी ती बाथरूममध्ये गेली ती बाहेर येईना. बादलीवर बादली ओतल्याचा आवाज. मध्ये खसखस, खसखस. "मनू, काय करतेस?" "अंघोळ." बाहेर आली तेव्हा मोजे घातलेले. मोजे ती कधी घालत नाही. पाय भिजवायची परात मी पुढे केली तर म्हणाली, "केलं मी आतच. चल, उशीर होतोय." चालताना पाय कडेवर टाकत होती. मी विचारलं, तर म्हणाली चिखल चुकवतेय. रस्ता कोरडा होता.

मैदानावर शंकरराव खुर्चीत बसले होते. मनालीने काट्याशेजारी मोजे काढले आणि पटकन चढली. मला फक्त पाठ दिसली.

"एकवीस!" सर ओरडले. "शाब्बास! बघा मुलींनो, मनापासून डाएट केलं की होतं की नाही?"

शंकररावांनी टाळ्या वाजवल्या. मनाली उतरली. काचेवर दोन गुलाबी, ओले ठसे राहिले होते. सरांनी ते बघितले. माझ्याकडे बघितलं. मग गळ्यातल्या नॅपकिनने काच पुसली आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

मी धावत गेले. बाकावर बसवून तिचा पाय हातात घेतला. वजरीने घासून घासून तिने टाचा आणि चवडे सोलून काढले होते. दोन वर्षांची कातडी एका सकाळी. खाली नवी, तान्ह्या बाळासारखी, जागोजागी रक्त.

"आई, सोड. चढाई आहे माझी."

"चढाई नाही, काही नाही. घरी चल."

"एकवीस आलंय! सोड ना!"

तिने पाय ओढून घेतला. शिट्टी झाली होती. मुरमाच्या मैदानात तिने रेषा ओलांडली, 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं, डावीकडे हूल दिली. तिची ती हूल कोणालाच समजत नाही. पण वळायला तिने टाच रोवली आणि तिथेच बसली. कोणी हातही लावला नव्हता. विठाने येऊन नुसता खांद्याला स्पर्श केला. दुसऱ्या चढाईत ती रेषेपलीकडे गेलीच नाही.

संघ वाचला गेला. शलाका होती, विठा होती.

मी सरांसमोर उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "ताई, आकडा होता तिचा. मी कुठे नाही म्हणतोय? पण पाय बघा तिचे. एवढ्या नाजूक पायांवर कबड्डी होते का?"

अंजनी विठाला कवटाळून उभ्या होत्या. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

रिक्षात मनाली माझ्या मांडीवर पाय ठेवून बसली होती. माझी ओढणी गुंडाळली होती, तिच्यावर डाग पसरत होते. ती रडली नाही. सुटत आलेली ओढणी तिने पुन्हा पायाभोवती आवळली. मग म्हणाली, "आई, पण एकवीस आलं ना?"

"आलं."

"मग आज भात खाऊ?"

घरी आल्याआल्या कुकर लावला. वरण-भात, वर तूप. दोन्ही पायांना बँडेज, पाय उशीवर, ताट मांडीवर. ती भराभर जेवली, पहिले चार घास तर न चावताच. मी समोर बसून बघत होते. पाचव्या घासाला तिचा हात थांबला. तिची नजर खाटेखाली गेली, जिथे आमचा काटा भिंतीला टेकवून ठेवला होता.

"बँडेजवरून चालतो का गं तो?"

मी उठले, काटा उचलून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं. परत आले तेव्हा ताट खाली ठेवलेलं होतं. भात अर्ध्याहून जास्त तसाच होता आणि त्यावरचं तूप तिने बोटाने गोळा करून ताटाच्या कडेला काढून ठेवलं होतं.