टिकली

हातातल्या रंगवलेल्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेली कागदाची ती पांढरी टिकली, शर्टाच्या बटणाएवढी, कडेला खळ वाळून पिवळट झालेली... दया मघापासून तिच्याकडे बघत होती. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्यामुळे भर दुपारी आत अंधार, उकाडा आणि पंधरा पोरींच्या घामाचा वास. मागं, काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या जादूच्या कंदिलाशी छगन बसला होता, श्रीरामपूरच्याच एका टॉकीजमधला ऑपरेटर. त्यानं विचारलं ते अगदी सहज. "बाई, ह्या टिकल्या वरच्या कोपऱ्यात कुनी लावल्या वो? आमच्या जाहिरातीच्या काचंला खाली असत्यात."

कुणी लावल्या! मीच लावल्या की.

काच कंदिलात खोचायची ती डोकं खाली करून, तेव्हा कुठं पडद्यावर चित्र सरळ उभं राहतं. म्हणून टिकली चित्राच्या खालच्या कोपऱ्यात. काच उलटी केली की ती वर येते, बरोबर अंगठ्याखाली. अंधारात डोळ्यांचं कामच नाही. हे तिला शिकवलं शांतवन मास्तरांनी, ज्यांनी मिशनचा हाच कंदील तीस वर्षं बैलगाडीतून गावोगाव नेला आणि शुभवर्तमानातली चित्रं दाखवली. आणि तिनं काय केलं, तर रविवारी बारा काचा रंगवल्या, खाली भेगाळलेली जमीन, वर कोरडं आभाळ. जमिनीचा रंग जाड, ओला. आभाळ मात्र नुसती काच. पाठ मोडून आली होती, आटपायचं होतं... आभाळ मोकळं दिसलं, तिथं टिकल्या लावून मोकळी झाली. बाराच्या बारा.

मग चार दिवस नाचाच्या तालमीत शेतं उलटी पडली, पोरींच्या डोक्यावरून खाली लोंबत राहिली. पोरी फिदीफिदी हसायच्या. मास्तर काच काढायचे, मोतीबिंदूच्या डोळ्यांपाशी न्यायचे, अंगठ्यानं टिकली चाचपायचे आणि पुन्हा तश्शीच खोचायचे. "माझंच चुकतंय, दये," म्हणायचे. तिलाही तेच वाटलं. एकदाही, एकदाही काच हातात घेऊन बघावी असं तिच्या मनात आलं नाही. का नाही आलं?

आज सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन सांगून आली. "मास्तर, उद्या गॅदरिंगला कंदिलावर छगनला बसवते. तुम्हाला उगाच त्रास नको." त्रास नको! काय पण शब्द शोधलास, बाई. मास्तर "बरं" म्हणाले. आत गेले, भिंग पुसायचं फ्लॅनेलचं फडकं आणून तिच्या हातात दिलं. ते फडकं अजून तिच्या पिशवीत होतं.

अकरा वर्षं ती या मिशनच्या शाळेत नाच बसवत होती. तेच कोळीनृत्य, त्याच टिपऱ्या. नाच असा बसवावा की पोरीच पडदा व्हाव्यात, हे मात्र तिच्या डोक्यात लहानपणापासून होतं. सहा वर्षांची असताना मास्तरांनी वस्तीवर लिंबाला चादर बांधून चित्रं दाखवली होती आणि ती उठून सरळ उजेडात जाऊन नाचायला लागली. चादरीवरची मेंढरं तिच्या झग्यावर आली. लोक हसले. बापानं हात उगारला. कंदिलामागून मास्तर म्हणाले, "राहू द्या. नाचतीय ना पोर." ती दमेपर्यंत त्यांनी दुसरी काच लावली नाही. आता मुख्याध्यापकांनी नाक मुरडत या नाचाला एकदाच परवानगी दिली होती. उद्या हसं झालं की पुन्हा आहेच कोळीनृत्य, रिटायर होईपर्यंत.

"बाई, लावू का?" छगननं विचारलं.

"लाव."

त्यानं टिकलीकडे न बघता, काचेवरचं चित्र बघून ती खोचली. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरींवर जमीन पसरली, सरळ. त्यांतली मनकर्णा पुढे वाकली तशी भेग तिच्या पाठीवरून उतरली, शेजारणीच्या हातावर चढली. दुसरी काच, तिसरी... छगनचा हात झटझट चालत होता. झालं, जमलं! दयाला रडूच यायचं बाकी होतं. असाच तर तिनं हा नाच वर्षानुवर्षं मनात बघितला होता.

"सरळ आली का गं चित्रं?"

मास्तर. शेवटच्या बाकावर, कोट घालून. कधी येऊन बसले होते कोण जाणे.

"आली, मास्तर."

"लई बरं झालं." ते आपला अंगठा दुसऱ्या हातानं चोळत होते. "डोळ्याचं काय न्हाई, ते जायाचेच. पन अंगठा बी जाईल असं वाटलं न्हवतं."

सांग. आत्ता सांग. टिकल्या खरवडून खाली लावायला पाऊण तास पुरे... आणि मग मास्तर उठतील, येतील, कंदिलापाशी बसतील, आणि काच बदलताना त्यांचा हात थरथरेल, जसा चार दिवस थरथरत होता, टिकली असो वा नसो, आणि जमीन पोरींच्या अंगावर हिंदकळेल. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उलटी चित्रं आली तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण आत कुठंतरी हायसंही वाटलं होतं. झाली बाई सोय. शी! कसल्या मनाची मी.

नखानं ती हातातल्या काचेवरची टिकली खरवडत राहिली. खळ घट्ट बसली होती. अर्धी निघाली, अर्धी राहिली.

"मास्तर..." ती म्हणाली आणि त्यांच्याकडे निघाली. ते मान वर करून, ती जिथं असेल असं त्यांना वाटलं तिकडं बघत होते. मध्येच छगननं पुढची काच लावली. भेगाळलेलं शेत तिच्या पातळावर, हातावर, हातातल्या काचेवर पडलं.

"बाई, उजेडातनं जरा बाजूला व्हा."

"राहू दे रे तिला," कंदिलाच्या मागून मास्तर म्हणाले.

दया तिथंच उभी राहिली. तिला त्या उजेडात उभं राहायची आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटत होती.