केबिन किती?

बर्थ. चौघींत एक. फक्त महिला. खिडकी नाही.

हीच घ्यायची, असं मी ठरवूनच आले होते. हेन्डरसनहून निघताना ठरवलं, टाउपोला तळ्याकाठी कॉफी घेताना पुन्हा ठरवलं, आणि पामर्स्टन नॉर्थला आईच्या दारात गाडी लावेपर्यंत ते दोनदा मोडलं आणि दोनदा जोडलं. आईला बायकांच्या केबिनमध्ये एक बर्थ. प्रमोदकाकांना पुरुषांच्या केबिनमध्ये एक बर्थ. बोट ऑगस्टमध्ये, संध्याकाळी स्टॉकहोमहून सुटते आणि सकाळी हेलसिंकीला लागते. मधे एक रात्र. एका रात्रीचा काय तो

"पाय हलवू नकोस," आई म्हणाली.

मी पाय थांबवला. दुसरा हलायला लागला.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता, बाजूला फिजोआचा ढीग. आई उभ्या उभ्या त्यातली नासकी फळं वेगळी करत होती. बासष्ट वर्षांची आहे. दुधाच्या पावडरीच्या लॅबमधून गेल्या वर्षी रिटायर झाली आणि तेव्हापासून तिला बसलेली कुणी पाहिली नाही. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. प्रमोदकाका, बाबांचे जुने मित्र, दोन गल्ल्या सोडून राहतात. काकू गेल्यापासून त्यांच्याही घरी दुसरं कुणी नाही. त्यांचा मुलगा कुशल हेलसिंकीत असतो. त्याला मुलगी झाली आहे. तिला बघायला दोघं निघालेत.

दोघं निघालेत, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "अरे वा."

ती म्हणाली, "स्टॉकहोमला माझी शाळेतली सुरेखा आहे ना, आधी तिच्याकडे. मग बोट. मला एकदा समुद्रावर झोपायचंय."

मी म्हणाले, "अरे वा." दुसरा शब्द

दोघांची. बंक. खिडकी नाही. गाड्यांच्या डेकखाली.

आमच्या इथल्या पिक्टनच्या साडेतीन तासांच्या फेरीबोटीत असला प्रश्न येत नाही. खुर्चीत बसायचं, चिप्स खायच्या, बाहेर जाऊन केस विस्कटून घ्यायचे, उतरायचं. इथे केबिन निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. एक की दोन? हा आकडा कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवा होता. आई म्हणत नव्हती. मी विचारत नव्हते.

फोन वाजला. कुशल. तिकडे रविवारची सकाळ, इकडे लाँग वीकेंडची संध्याकाळ. मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेले. डोंगरावरच्या पवनचक्क्या अंधारात बुडायच्या आधी जितकं फिरता येईल तितकं फिरून घेत होत्या.

"विचारलंस?"

"तू विचार."

"बाबांना? काय विचारू? बाबा, तुम्ही कुठे झोपणार?"

"मग मी आईला हेच विचारू?"

"बायका बोलतात ना एकमेकींशी."

"कुशल, फोन ठेवते हं."

"अगं थांब. मी बंदरावर घ्यायला जाणार आहे. तेव्हा चेहरा कुठला करायचा, एवढंच सांग."

आम्हा दोघांना माहीत होतं. मार्चपासून. एकदा इथल्या पहाटे त्याने काकांना व्हिडिओ कॉल केला, आणि काकांच्या मागे पिवळे पडदे होते. माउंट वेलिंग्टनच्या मॉलमधून मीच आणलेले, आईच्या बेडरूमसाठी. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला: हे पडदे कुणाचे? मी लिहिलं: छान आहेत ना? मग आम्ही दोघं खूप हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले, ते त्याला सांगितलं नाही. का रडले, ते मला

"तुला चालत नाहीये का?" कुशलने विचारलं.

"चालतंय. फक्त ऐकायचं नाहीये."

"स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला. इतकी वर्षं फिनलंडमध्ये राहून हे इथलं 'मस्त' अजून गेलं नाही त्याचं.

पुन्हा: बर्थ. चौघींत एक. फक्त महिला.

आत येईस्तोवर साइटने पान मिटवलं होतं. पहिल्यापासून सुरू करायला लावलं. नीता, जन्मतारीख, पासपोर्ट. प्रमोद, जन्मतारीख, पासपोर्ट. केबिन? मी एक श्वास घेतला आणि स्क्रीन आईकडे वळवली.

"आई, ही बघ. फक्त लेडीज. एकदम सेफ. काकांना तशीच जेन्ट्सची. आपले टूरवाले नाही का, एकटी बाई आली की तिची दुसऱ्या एकट्या बाईशी जोडी लावतात? तसंच."

आईने चष्मा लावला. "चौघी कोण?"

"कुणीही. ज्यांनी बुक केलं त्या."

"म्हणजे ओळखीच्या नाहीत."

"नाहीत. पण बायकाच."

"घोरल्या तर?"

"तू पण घोरतेस."

"मी घोरत नाही," ती म्हणाली. इतक्या खात्रीने म्हणाली, की ती खात्री कुठून आली हे आम्हा दोघींना एकदमच कळलं. ती फिजोआकडे वळली. एक कापला, त्यात चमचा रोवला, खाल्ला नाही.

"सिद्धी, म्हणजे तीन परक्या बायकांबरोबर मी एका खोलीत झोपले तर चालतं. त्यांची नावं मला माहीत नाहीत. आणि ज्या माणसाच्या बीपीच्या गोळ्यासुद्धा मला पाठ आहेत, त्याच्याबरोबर"

वाक्य तिनेही सोडलं.

"मी तुझ्या सोयीसाठी म्हणत होते."

"सोय तुझी आहे," आई म्हणाली आणि तिने स्वतःचा फोन उचलला.

दोघांची. डबल बेड. खिडकी.

स्पीकरवर टाकून तिने तो टेबलावर ठेवला. दोन रिंगा झाल्या.

"हां, बोल गं," प्रमोदकाका म्हणाले.

माझ्यासमोर ते तिला कायम नीताताई म्हणत आले होते. मी छताकडे पाहिलं.

"सिद्धी समोर आहे. स्पीकर आहे."

"अच्छा. काय सिद्धी, ड्राइव्ह कसा झाला? डेझर्ट रोडवर बर्फ होता का?"

"नव्हता काका."

"छान, छान. हं, बोला नीताताई."

"ताई राहू द्या. केबिन एकच घेतेय. खिडकीवाली. बरोबर?"

त्यांच्याकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"एक," ते म्हणाले. "एक म्हणजे... कुशल येणार ना घ्यायला. त्याला मी अजून काही बोललो नाहीये. नवीन बाळ आहे. सुनेचे आईवडीलही तिथेच आहेत. मला वाटतं, या खेपेला दोन घेऊ या."

आईचा चेहरा मी पाहायचं टाळलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, कुशलला माहितीय."

"काय?"

"मार्चपासून. त्याला पडदे दिसले. तोच मघाशी मला विचारत होता, केबिन किती."

टेबलावरून एक फिजोआ गडगडत खाली गेला. कुणी उचलला नाही.

"म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं," आई म्हणाली, "आणि तू मला तीन बायकांत झोपवत होतीस."

सात तास मी दोन केबिन डोक्यात घेऊन आले होते आणि आता मला एकच हवी होती. इतकी हवी होती की मी फोनवर ओणवी झाले. "काका, त्याला चालतंय हो. मलाही चालतंय. एकच घेऊ."

"तसं नाही बेटा. त्याला माहीत असणं वेगळं. सकाळी बोटीतून उतरून त्याच्यापुढे उभं राहणं वेगळं. मला जरा वेळ..."

"बरं," आई म्हणाली.

ती खुर्ची ओढून बसली. लॅपटॉप माझ्याकडून स्वतःकडे सरकवून घेतला.

दोघांची. खिडकी. प्रवासी एक.

"अशी घेता येते का गं? दोघांची, पण माझ्या एकटीच्या नावावर?"

"येते. दुसरा पलंग रिकामा राहील."

"राहू दे. आणि यांना टाक त्या चौघा पुरुषांत."

"नीता, मी ऐकतोय," फोनमधून आवाज आला.

"ऐका. बर्थ कुठला शिल्लक आहे?"

"खालचाही आहे, वरचाही आहे," मी म्हणाले.

"वरचा टाक."

"अगं, माझा गुडघा!"

मला वाटलं ती थट्टा करतेय. नव्हती. पहिल्यांदा बाण बटणावरून घसरला. दुसऱ्यांदा तिने दाबलं. आईची केबिन आठव्या डेकवर. काकांचा बर्थ दुसऱ्या डेकवर, गाड्यांच्या खाली. दोन्ही झालं. मी मधे हात घालू शकले असते. घातला नाही.

"वेळ हवा होता ना तुम्हाला?" ती फोनला म्हणाली. "घ्या. बोट रात्रभर चालते."

फोन कुणीच ठेवला नाही. बाहेर वाऱ्याने कुणाचा तरी कचऱ्याचा डबा आडवा पाडून रस्त्यावरून फरफटत नेला. मी उठले, बसले, परत उठले.

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?" काकांनी विचारलं.

"आल्यावर कळेल," आई म्हणाली.