घागरीत खुपसलेली छत्री

त्या तेत्सुनोरीला कुणी वळण लावलंच नाही. चाळिशीला आला, तरी बाहेरून आला की गळकी छत्री सरळ माझ्या तोंडात खुपसतो. मित्रांनो, मी एक जुनी, कमरेएवढी मातीची घागर आहे. पण दाराशी छत्र्या झेलायला जन्मले नाही.

जपानातल्या कानाझावाच्या सरदाराने ‘नो’ नावाच्या मुखवट्यांच्या नाटकासाठी मंच बांधला, तेव्हा कुंभाराने आम्हा सात बहिणींना त्याच कामासाठी घडवलं. मंचाखाली आम्हाला अर्धं पुरलं, एकीचं तोंड इकडे कललेलं, दुसरीचं तिकडे. वर नटाने पाय आपटला की ठोका आमच्या पोटात घुमायचा आणि बघणाऱ्याच्या छातीत उतरायचा. नो नाटकातला नट उगाच हातवारे करत नाही, पायाने बोलतो. पलीकडच्या गल्लीत काबुकी नावाचं भडक नाटक करणारे आले, तोंडाला रंग फासून डोळे तिरळे करू लागले, तशी गर्दी तिकडे लोटली. लोटू दे. गर्दी काय, जत्रेलाही होते.

मग सरदारांचं राज्य बुडालं. पोसणारा गेल्यावर नटांनी भरजरी वेश विकून भात खाल्ला. पुढे सिनेमा आला, लढाई आली. नटांच्या या घराने मात्र मंच सोडला नाही. तेत्सुनोरीचे वडील गेन्सुके थंडी सरली की स्वतः मंचाखाली सरपटत यायचे, उंदरांची घरटी काढायचे, आमची तोंडं पुन्हा जागेवर वळवायचे. हे घर तुमच्या पोटावर उभं आहे, बायांनो, असं म्हणायचे. शहाणा माणूस.

पोरगा निघाला वरवरचा. पांढरेशुभ्र मोजे घातल्याशिवाय मंचावर पाऊल ठेवणार नाही, मुखवटा चढवण्याआधी त्याला वाकून नमस्कार करणार. आणि घडीच्या खुर्च्या ठेवायला जागा हवी म्हणून त्याने आम्हाला मंचाखालून उपटलं. खाली कोण बघतंय, म्हणाला. सहा बहिणी परसात बर्फात उपड्या पडल्या, मी दाराशी. गेन्सुकेंची नजर गेलेली. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

कालच्या खेळात मंचावर बुडालेल्या नावाड्याचं भूत घरी परत येणार होतं. भूत तेत्सुनोरी. त्याने ते पेललं तरच मंच त्याच्या हाती द्यायचा, असं म्हाताऱ्याने ठरवलं होतं. दाराआडून मी ऐकत होते. भूत उंबऱ्याशी आलं, आतून कुणी दार उघडेना, तेव्हा त्याने पाय आपटला. आवाज कसा आला? ओली गादी पडावी तसा.

काळोखातून गेन्सुकेंनी विचारलं, "तेत्सुनोरी, पाय आपटलास की खुर्ची पडली?"

खेळ संपल्यावर ते एवढंच म्हणाले, की मंच आणखी काही दिवस माझ्याकडेच राहू दे.

तेत्सुनोरी तसाच मोज्यांवर दाराशी आला. बाहेर पडायला म्हणून छत्री उपसली, तर तिचा दांडा माझ्या अंगाला लागला. मी घुमले. तो थबकला. बोटाने पुन्हा वाजवून पाहिलं. मग खाली बसला, माझ्यातलं घाण पाणी ओतून टाकलं. मोजे मळले तरी त्याचं लक्ष नव्हतं. माझ्या तोंडाशी वाकून त्याने हळूच विचारलं, "आता काय करू?"

मित्रांनो, दिसतं ते सगळेच पुसून लख्ख ठेवतात. न दिसणारं जपायला अक्कल लागते, हे तुम्ही तरी ध्यानात ठेवा. त्याला मात्र मी पोटातून खणखणीत सांगितलं:

"मुखवट्याला नमस्कार करतोस आणि आम्हा आज्यांना बर्फात उपडं घालतोस? पाय तुझा बरा आहे, पोरा, पण त्याच्याखाली तू काही ठेवलंच नाहीस. जा, आधी बापाला खरं सांग. मग त्या खुर्च्या काढ बाहेर, आता त्यांना भिजू दे बर्फात."